डब्यातली दुसरी नळी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पण 'अरेरे, बिचारा' म्हणायला तोंड उघडलं असेल तर मिटा. मला कीव खपत नाही. आयुष्यभर मी पाण्याला त्याच्या तोंडावर सांगत आलो, की बाबा रे, तू चांगलं आहेस किंवा नाहीस. असं बोलणाऱ्याचे लाड कोण करतो? माझेही कुणी केले नाहीत आणि मी ते मागितलेही नाहीत.

सरकारी कागदावर माझं नाव क्लोरोस्कोप आहे. गावाच्या जिभेला ते पेललं नाही, म्हणून मी झालो 'नळीचा डबा'. तळहाताएवढं पांढरं प्लॅस्टिकचं अंग, पोटात शेजारी शेजारी उभ्या दोन काचेच्या नळ्या आणि बाजूला फिकट पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत रंगांची पट्टी. सोबत औषधाची छोटी बाटली. पाणी शुद्ध करायला त्यात टीसीएल पावडर टाकतात. तिचा जोर पाण्यात उतरला आहे का, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एका नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. जोर असेल तर पाणी पिवळं होतं. नसेल तर तुम्ही कितीही हलवा, ते ढिम्म राहतं.

आणि दुसरी नळी? तिच्यात तेच पाणी घ्यायचं, पण औषध टाकायचं नाही. ती नुसती पहिलीच्या शेजारी उभी राहते आणि सांगते, की पाणी मुळात हे असं होतं. एवढंच तिचं काम. लोकांना ते काम वाटतच नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साल असेल चौऱ्याण्णव. माझ्यासारखे शेकडो डबे एका खोक्यात भरले गेले, दौंडच्या स्टेशनावर पार्सलांच्या ढिगात पडून राहिले आणि तिथून जीपमध्ये बसून गावोगाव पांगले. मी आलो भीमेकाठच्या एका गावात, मांडवगण फराट्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव मी सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि त्याला राग लवकर येतो.

गाव धनगरांचं. एके काळी इथली माणसं मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायची. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कांदा आला आणि माणसं एका जागी बसली. गावाच्या आरोग्य उपकेंद्रात माझी नेमणूक झाली. काम एकच. विहिरीवर जायचं, टाकीवर जायचं आणि खरं सांगायचं.

विहिरीचं पाणी सोडणारा भिमाजी मला पाहिला की कपाळाला आठ्या घालायचा. माझ्या येण्याची कुणकुण लागली की त्या दिवशी पावडर पडायची, एरवी पोतं कोपऱ्यात झोपलेलं. मी त्याला कितीदा उघडं पाडलं असेल! एकदा शेजारच्या वस्तीवर गॅस्ट्रोची साथ आली, माणसं सलाईन लावून ओळीनं झोपली, तेव्हा मात्र माझा भाव वधारला. जो तो मला घरी न्यायला बघू लागला. साथ गेली आणि मी पुन्हा खणात. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण ज्यानं केली त्यानं माझ्यासारखा डबा पाहिलेला असणार.

मग उपकेंद्रात रुपाली नर्सबाई आल्या. त्या या गावच्याच सून. सासरे हरिबा आबा म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. तरुणपणी शेकडो मेंढरांचा कळप राखलेला माणूस, बिरोबाच्या देवळातला पहिला भंडारा त्यांच्याच हातचा. नवरा हनुमंत पाबळच्या शाळेत वेल्डिंग, नळजोडणी, मोटरीची कामं शिकून आलेला. आणि मुलगी मोनिका, पहिलीत जाणारी, तोंडानं तिखट. रुपालीबाई मात्र घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या. आबांसमोर त्यांचा आवाज चुलीच्या पुढं जात नसे.

त्यांनी मला नीट ठेवलं. फडक्यानं पुसायच्या, औषधाची बाटली उन्हात राहू द्यायच्या नाहीत. एकच वाईट खोड. माझी दुसरी नळी त्यांना रिकामीच दिसायची, म्हणून त्यात त्या सेफ्टी पिना ठेवायच्या. विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ, त्याला ताडून बघायला साधी नळी कशाला हवी, असा त्यांचा हिशेब. मी चिडायचो. पण डब्याचं चिडणं कुणाला दिसतं?

सन दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात गावाला एक नवं वेड लागलं. सरपंच मारुतराव पुण्याला जाऊन एक बाग बघून आले. तिथं म्हणे जमिनीतून पाण्याचे फवारे उडतात आणि पोरं त्यात नाचतात. आपल्याकडं का नको? हनुमंतानं ते काम अंगावर घेतलं. देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत फरशी केली, खालून पाइप फिरवले, पाइपांना भोकं पाडली. फरशीच्या कडेला जाळी, जाळीखाली टाकी. फवारा उडणार, पोरांच्या अंगावरून वाहणार, जाळीतून टाकीत उतरणार आणि मोटर तेच पाणी पुन्हा वर फेकणार. पोरांनी त्याला नाव दिलं, 'उडतं अंगण'.

मित्रांनो, इथं जरा थांबा. तेच पाणी पुन्हा पुन्हा. शंभर पोरांच्या अंगावरून वाहिलेलं, त्यांच्या नाकातोंडात गेलेलं. विहिरीवर जितकं लक्ष लागतं, त्याहून इथं जास्त हवं. हे रुपालीबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हनुमंताला बजावलं होतं, "अहो, मी डबा घेऊन आल्याबिगर मोटर चालू करायची न्हाई."

"न्हाई करत," हनुमंत म्हणाला. "आन् पावडर मी सोता टाकतो, दुसऱ्या कुनावर सोडत न्हाई."

त्यानं शब्द पाळला. उद्घाटनाच्या सकाळी स्वतःच्या हातानं त्यानं टाकीत पावडर टाकली. चूक त्याची नव्हती. पावडरीचं पोतं उन्हाळाभर पत्र्याखाली तोंड उघडं टाकून पडलं होतं आणि तिचा जोर केव्हाच उडून गेला होता. उरली होती ती नुसती पांढरी धूळ.

त्या दिवशी उपकेंद्रात बाळांना डोस द्यायचा वार होता. रुपालीबाई ते आटोपून मला पिशवीत घालून धावत निघाल्या. तोवर देवळापुढं सारा गाव लोटला होता. ऊन मी म्हणत होतं. पोरं चड्ड्यांवर, उघड्या अंगानं, फरशीच्या कडेला ओळ धरून उभी. सगळ्यांच्या पुढं मोनिका. आणि आम्ही पोचायच्या आत एक गोष्ट घडून गेली होती. नवं पाणी, देवळाचं अंगण, मग देवाचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल? हरिबा आबांनी 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणत टाकीत भंडारा उधळला होता. एक मूठ नव्हे. ज्याच्या त्याच्या हाताला मूठ मिळाली होती आणि प्रत्येकानं ती टाकीतच सोडली होती. भंडारा म्हणजे हळद. तिचा रंग तुम्हाला सांगायला नको.

"या या सिस्टर," मारुतराव म्हणाले. "तुमची ती नळी दाखवा एकदा समद्यांस्नी. अर्ध्या तासात लाईट जायची हाय. उरका."

रुपालीबाईंनी मला बाहेर काढलं. घाई, ऊन, सासरे पुढं उभे, हात घामेजलेले. त्यांनी पहिली नळी टाकीत बुडवून भरली आणि औषधाचे थेंब टाकले. मी वर उचलला गेलो.

पिवळा! स्वच्छ दिसेल असा पिवळा!

टाळ्यांचा कडकडाट झाला. "पास! पानी पास!" पोरांनी उड्या मारल्या. भिमाजी स्टार्टरच्या पेटीकडं निघाला.

मित्रांनो, माझ्या अंगाची लाही झाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून खोटं वदवलं जात होतं. तो पिवळा माझा नव्हता. औषधानं आणलेला नव्हता. तो देवळातून आलेला होता, आणि अख्ख्या गावानं स्वतःच्या हातानं तो टाकीत टाकला होता, तरी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. भक्तीनं टाकलेली गोष्ट कधी आड येईल, असं वाटतच नाही ना माणसाला! मला ओरडता येत असतं तर मी देवळाचा कळस हलवला असता. पण डब्याला आवाज नसतो. मी फक्त चमकू शकत होतो. माझ्या दुसऱ्या नळीत पाणी नव्हतं आणि उन्हात त्यातल्या पिना चमकत होत्या.

रुपालीबाईंचं लक्ष त्या चमकण्यावर गेलं की पहिल्या नळीच्या बुडाशी बसणाऱ्या बारीक कणांवर, मला माहीत नाही. हात वर असतानाच त्यांचा चेहरा बदलला. "भिमाजीभाऊ, थांबा," त्या म्हणाल्या.

"आता काय ऱ्हायलं?" मारुतराव.

रुपालीबाईंनी पिना तळहातावर ओतून पदराच्या टोकाला बांधल्या, दुसरी नळी टाकीत बुडवली आणि भरून पहिलीच्या शेजारी बसवली. तिच्यात औषधाचा एक थेंबही नव्हता.

दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या.

"ह्यात औषध न्हाई," रुपालीबाई मोठ्यानं म्हणाल्या. आवाज शेवटच्या पोरापर्यंत पोचत होता. "तरीबी पिवळी हाय. हा रंग पावडरीचा न्हाई, भंडाऱ्याचा हाय. पावडरीचा जोर ह्या पान्यात न्हाई. मोटर चालू करायची न्हाई."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं आणि गलका उठला. हनुमंत सर्वांत आधी पुढं आला. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. "अगं, मी सोता टाकलीया पावडर! चार मानसांदेखत!"

"टाकली आसंल. जोर न्हाई तिच्यात. म्या काय तुमच्यावर आळ घेत न्हाई."

"सिस्टर, पोरं सकाळधरनं उन्हात हुबी हायती," मारुतराव चढ्या आवाजात म्हणाले. "एक दिवस खेळली तर काय मरत्यात व्हय? उद्या टाकू की नवी पावडर."

मोनिकेनं तेवढ्यात भोकाड पसरलं. आणि मग हरिबा आबा काठी आपटत उठले.

"सूनबाई," ते म्हणाले, "बिरोबाच्या भंडाऱ्याला खोटं ठरवतीस? माझ्या हातच्या?"

मित्रांनो, मी तिच्या हातात होतो. तिची नाडी माझ्या प्लॅस्टिकला लागत होती. ती माघार घेईल असं मला वाटलं. कुणीही घेतली असती. सगळा गाव एका बाजूला, देव त्याच बाजूला, नवरा आणि सासरा त्याच बाजूला, पोटची पोर रडते आहे तीही त्याच बाजूला. इकडं फक्त ती आणि मी.

तिनं पदर डोक्यावर सारखा केला. मग चालत जाऊन ती स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"आबा, भंडारा खरा हाय," ती म्हणाली. "त्याला पावडर म्हणलं तर मी खोटी. भंडारा कपाळाला लावायचा. पोरांच्या पोटात काय जातंय ते त्यानं कसं सांगावं? त्ये त्याचं काम न्हाई."

"लई बोलाया लागलीस," कुणीतरी मागून म्हणालं.

"व्हय, बोलनार. आबा, तुमीच आमास्नी सांगितलंया. नव्या डोहावर कळप नेला की मेंढका आदी पानी चाखतो. त्याला बरं वाटलं तरच मेंढरं सोडतो. कोकराला आदी पान्यात घालून बघनारा मेंढका तुमी कवा बघितलाय? मंग आज पोरं आदी का?"

आबांनी काठीवरची मूठ घट्ट केली. त्यांनी त्या ओळीकडं पाहिलं. उन्हानं लाल झालेली, नाकातून वाहणारी, पाण्यासाठी आसुसलेली पोरं. त्यात त्यांची नात. मग ते हळूहळू चालत आले. मला वाटलं, आता सुनेला बाजूला ढकलतील. मी माझ्या दोन्ही नळ्यांसकट तयार होतो. पडलो असतो, फुटलो असतो, पण रंग बदलला नसता.

आबा आले आणि सुनेच्या शेजारी, स्टार्टरच्या पेटीपुढं, खाली जमिनीवर मांडी घालून बसले. काठी आडवी मांडीवर ठेवली.

"आज कळप सुटनार न्हाई," ते म्हणाले. "जा समदी घरला."

लाईट गेली तेव्हा दोघं तिथंच होती. तोवर गाव पांगला होता.

तुम्हाला वाटेल, मग रुपालीबाईंचा सत्कार झाला असेल. नाही झाला. मारुतरावांनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मोनिका आईच्या हातचं जेवायची नाही, आजीच्या, म्हणजे आबांच्या कारभारणीच्या, हातचंच जेवायची. टाकी उपसली तेव्हा तळाशी गाळ निघाला, पण गाळ कुठल्या टाकीत नसतो, असं लोक म्हणाले. कुणी आजारी पडलं नाही, म्हणून काहींनी आजही ठरवलेलं आहे, की त्या दिवशी उगाच थांबवलं. जे दुखणं आलंच नाही, त्याचा पुरावा कुठून आणायचा? आमच्या कामाचं हे असंच असतं. नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कुणी आभार मानत नाही. नका मानू. आम्ही आभारासाठी पिवळे होत नाही.

हनुमंतानं दौंडहून ताजी पावडर आणली, ती ठेवायला झाकणाचं पिंप आणलं, टाकी घासली. पुढच्या रविवारी माझ्या पहिल्या नळीत स्वच्छ पिवळा चढला आणि दुसरी नळी शेजारी नितळ उभी राहिली. मग मोटर सुरू झाली. काय नाचली पोरं! मोनिका इतकी भिजली की अबोला विसरून आईलाच ओढत पाण्यात घेऊन गेली. आबांनी भंडारा उधळला, पण तो वर, आभाळाकडं, पोरांच्या डोक्यावर, आणि तोही खेळ संपून मोटर बंद झाल्यावर. तेव्हापासून गावात रीतच पडली. आधी दोन नळ्या, मग पाणी, मग देवाचं नाव. ही रीत कुठल्या पोथीत नाही. ती एका सुनेनं आणि एका डब्यानं पाडली आहे.

वर्षं गेली. माझ्या रंगांची पट्टी उन्हानं विटली. माझं औषध हाताला बरं नाही, असं वरून ठरलं आणि ते यायचं बंद झालं. त्याच्याऐवजी नव्या गोळ्या आल्या, त्यांनी पाणी गुलाबी होतं. त्यांच्यासोबतच्या नव्या डब्यात नळी एकच, म्हणून दुसरीची रीत हळूहळू मागं पडली. रुपालीबाईंची बदली दुसऱ्या उपकेंद्रात झाली. जाताना नव्या नर्सबाईंना त्यांनी सगळा कारभार दिला, पण मोडीत निघालेला मी, मला त्यांनी घरी आणलं. फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवू म्हणून आजी निघाली होती. रुपालीबाई म्हणाल्या, "आत्याबाई, देवाशेजारी नको, हाताशी ठेवा." आणि माझ्या दुसऱ्या नळीत पुन्हा सेफ्टी पिना आल्या.

गेल्या वर्षीची गोष्ट, सन दोन हजार नऊ. सुरुवातीला मी घरातच होतो, तेवढं मोनिकेकडून ऐकलेलं सांगतो. रंगपंचमी होऊन दोन दिवस झालेले. उन्हाळा लवकर तापला होता, म्हणून उडतं अंगण सुरू करायचं ठरलं. नव्या नर्स शितलबाई चांगल्या, कामाला चोख. त्यांनी नळीत पाणी घेतलं, गोळी विरघळवली. पाणी गुलाबी झालं. "ओके आहे," त्या म्हणाल्या. पोरांनी हुर्यो केली.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

ते हरिबा आबा होते. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, कानाला ऐकू कमी येतं. देवळाच्या पायरीवर बसले होते. "बाई, दुसरी नळी कुठं हाय?"

"दुसरी कसली, आबा?"

"बिनऔशदाची. साधी. आमच्या घरात हाय ती. मोनिका, पळ."

मोनिका आता मोठी झाली आहे. ती धावत आली, मला फळीवरून उचललं आणि पिना तशाच जमिनीवर ओतून पळत सुटली. किती दिवसांनी मला ऊन लागलं! तिनं माझी दुसरी नळी टाकीत बुडवून वर धरली.

गुलाबी. रंगपंचमीला पोरांनी त्याच फरशीवर अंगं धुतली होती आणि सगळा रंग जाळीतून टाकीत उतरला होता.

शितलबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आबांकडं. मग त्या स्वतःच स्टार्टरच्या पेटीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "टाकी उपसा," त्या म्हणाल्या. "आज नाही." आबा पायरीवर बसल्या बसल्या हसले. "कळप सुटनार न्हाई," ते पुटपुटले.

तर मित्रांनो, माझं औषध संपलं, पट्टी विटली, नाव कागदावरून गेलं. तरी मी मोडीत निघालो असं मला कुणी सांगू नये. साध्या नळीला औषध लागत नाही, म्हणून ती शिळी होत नाही. तुम्ही मला पुसा किंवा पुसू नका. पण रंग बघून टाळ्या वाजवायच्या आधी एकदा विचारा, पाणी मुळात कसं होतं? विचारलं की लोक रागावतील. रागावू द्या. स्टार्टरला पाठ लावून उभे राहा. आणि माझ्या दुसऱ्या नळीत सेफ्टी पिना ठेवायच्या असतील तर खुशाल ठेवा. फक्त वेळ आली की त्या काढायला विसरू नका.